पदकामागचा आकडा आणि पात्यावरचे नाव

जुन्या लष्करी तलवारी आणि सोव्हिएत काळातील सन्मानपदके यांची पारख कशी करावी व त्यांची किंमत कशी ठरवावी, हा विषय साहित्यचर्चेच्या जागी कसा काय आला, असा प्रश्न वाचकांना पडेल. या वस्तूंची पारख करणारे लोक जे करतात आणि पदव्युत्तर वर्गात आम्ही पाठचिकित्सा या नावाखाली जे शिकवतो, त्यांत पद्धतीचा फारसा फरक नाही, एवढे आमचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर थोडे भांडणाच्या सुरातले आहे. या वस्तूंची किंमत आज ज्या निकषांवर ठरते, त्यांत वस्तूचे वाचन होण्याआधीच तिचे वजन होते. याला आमचा आक्षेप आहे आणि तो का आहे हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आधी पदकांकडे पाहू. सोव्हिएत सन्मानचिन्हांत ‘ऑर्डर’ आणि ‘पदक’ असे दोन वर्ग होते. लेनिन, लाल निशाण, लाल तारा, देशभक्तिपर युद्ध, गौरव या नावांच्या ऑर्डरी वरच्या वर्गातल्या. शौर्याचे पदक, स्टालिनग्राडच्या संरक्षणाचे पदक, जर्मनीवरील विजयाचे पदक ही दुसऱ्या वर्गातली. ब्रिटिश पदकाच्या कडेवर बहुधा ते मिळवणाऱ्याचे नाव कोरलेले असते; सोव्हिएत ऑर्डरीच्या पाठीवर नाव नसते, असतो तो आकडा. हा आकडा आणि ऑर्डरीबरोबर दिलेल्या छोट्या पुस्तिकेतील आकडा जुळला, तर नाव सापडते. पुस्तिका हरवली असेल, तर मॉस्कोजवळच्या पोडोल्स्क येथील संरक्षण खात्याच्या अभिलेखागारातील नोंदपत्रांपर्यंत जावे लागते. आकड्याकडून नावाकडे आणि नावाकडून कृत्याकडे अशी ही वाट आहे. बाजारातील पुष्कळ पदके या वाटेवरच्या पहिल्याच पायरीवर अडकून पडलेली असतात.

पारखी माणूस प्रथम पाहतो ते घडणीकडे. अस्सल ऑर्डर ठशाखाली दाबून पाडलेली असते. नकली बऱ्याचदा ओतीव असते. ओतकामात धातू थंड होताना किंचित आकसतो, म्हणून मापात केसभर फरक पडतो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात. खरी मीनाकारी भट्टीत भाजलेल्या काचेची असते. तिला खोली असते आणि तिच्याआडून धातूवरच्या रेघा दिसतात. नकली मीना म्हणजे वरून फासलेला रंग. मग पाठीवरचा टांकसाळीचा शिक्का, आकड्यांच्या कोरणीची धाटणी, गणवेशावर अडकवण्याचा मळसूत्री खिळा की वरची फीत लावायची कडी, अशा एकेका खुणेवरून काळ ठरत जातो. १९४३ साली अनेक ऑर्डरींची अडकवण्याची पद्धत बदलली, त्यामुळे केवळ खिळा किंवा कडी पाहूनही वस्तू कोणत्या टप्प्यातील आहे याचा अंदाज बांधता येतो. आकड्याशेजारी ‘द’ या उच्चाराचे रशियन अक्षर असेल, तर मूळ ऑर्डर हरवल्यावर दिलेली ती दुसरी प्रत आहे असे समजावे. आकडा खरवडून दुसरा घातला असेल, तर त्या जागी धातूची जाडी कमी भरते. आमच्या विद्यार्थ्यांना हस्तलिखितातील खाडाखोड ओळखायला शिकवताना आम्ही कागद उजेडासमोर धरायला सांगतो, तोच हा प्रकार.

परंतु घडणीवरून अस्सलपणा कळतो, अर्थ कळत नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण लाल ताऱ्याची ऑर्डर. ती ६ एप्रिल १९३० रोजी स्थापन झाली. चांदीचा पंचकोनी तारा, त्यावर लाल मीना, मधोमध बंदूक घेतलेला सैनिक आणि भोवती जगातील कामगारांना एक होण्याचे आवाहन. युद्धकाळात ती रणांगणावरील पराक्रमासाठी दिली जात होती. पण ४ जून १९४४ च्या हुकुमाने सैन्यातील पंधरा वर्षांच्या सलग नोकरीबद्दलही तीच ऑर्डर मिळू लागली; वीस वर्षांना लाल निशाण, पंचवीस वर्षांना लेनिन. ही पद्धत १९५७ साली बंद झाली. म्हणजे एकाच ठशाचे, एकाच धातूचे दोन तारे शेजारी ठेवले, तर त्यांतला एक जळत्या रणगाड्यातून सोबत्याला ओढून काढल्याबद्दलचा असू शकेल आणि दुसरा कोठारातील हिशेब पंधरा वर्षे चोख ठेवल्याबद्दलचा. आम्ही कोठारपालाला कमी लेखत नाही. सैन्ये कोठारांवरच चालतात. आमचे म्हणणे एवढेच, की हा फरक त्या ताऱ्यावर कोठेही लिहिलेला नाही. तो कागदावर आहे.

देशभक्तिपर युद्धाच्या ऑर्डरीची गोष्टही अशीच. २० मे १९४२ रोजी स्थापन झालेली ही युद्धकाळातील पहिली नवी ऑर्डर. धारक मरण पावल्यावर इतर ऑर्डरी सरकारजमा कराव्या लागत. ही मात्र कुटुंबाकडे राहावी, असा नियम होता. पुढे १९८५ साली विजयाच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त हयात असलेल्या माजी सैनिकांना हीच ऑर्डर सरसकट दिली गेली. युद्धकाळातील पहिल्या वर्गाच्या ऑर्डरीत खरे सोने होते, १९८५ च्या ऑर्डरीत सोन्याचा मुलामा दिलेली चांदी. बाजार दोहोंत मोठा फरक करतो आणि तो धातू व दुर्मिळता यांच्या आधारे करतो. निष्कर्ष बरोबर, कारण मात्र अपुरे. आमच्या दृष्टीने खरा फरक संहितेचा आहे. पहिलीमागे एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट ठिकाणी घडलेल्या कृत्याचे वर्णन आहे. दुसरीमागे एका पिढीचे जिवंत राहणे आहे. दुसऱ्या गोष्टीला अर्थ नाही असे कोण म्हणेल? पण तो अर्थ वेगळा आहे.

आता त्या कागदाकडे वळू, कारण साहित्याच्या अभ्यासकाने खरे तर तेथेच थांबायला हवे. सोव्हिएत सैन्यात सन्मानासाठी शिफारस करताना एक छापील तक्ता भरला जाई. त्यात नाव, हुद्दा, जन्मवर्ष, जमात, पक्षाचे सभासदत्व, जखमांची नोंद अशी घरे असत आणि त्याखाली एक मोठे घर: वैयक्तिक पराक्रमाचा किंवा कामगिरीचा संक्षिप्त आणि ठोस वृत्तान्त. संक्षिप्त आणि ठोस! निबंधाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे हेच दोन शब्द घोकून घेतो. हा वृत्तान्त कोणा तरी कप्तानाने, बहुधा खंदकात किंवा उद्ध्वस्त घरात बसून, हाताने किंवा टंकयंत्रावर लिहिलेला. खाली वरिष्ठांचे शेरे. कनिष्ठ अधिकाऱ्याने लाल निशाणाची शिफारस केलेली असते, वरचा ती खाली आणून लाल तारा देतो आणि सही करतो. एकाच पानावर तीन-चार हात, प्रत्येकाचा अधिकार वेगळा, प्रत्येकाचा स्वर वेगळा. अनेककर्तृक संहिता म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून सुटसुटीत नमुना आम्हाला तरी ठाऊक नाही. रशियाच्या संरक्षण खात्याने २०१० साली ‘लोकांचा पराक्रम’ अशा अर्थाच्या नावाने या तक्त्यांच्या प्रतिमा महाजालावर खुल्या केल्या. तेव्हापासून हा गद्यप्रकार कोणालाही वाचता येतो.

हा गद्यप्रकार निरागस नाही, हेही सांगितले पाहिजे. शिफारस मंजूर व्हावी म्हणून लिहिलेला मजकूर ठरावीक शब्दांच्या साच्यात बसतो. भीती, भूक, पश्चात्ताप यांना त्यात घर नाही. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी युद्धात लढलेल्या स्त्रियांच्या तोंडच्या आठवणी गोळा करून १९८५ साली जे पुस्तक सिद्ध केले, ते या तक्त्यांच्या शेजारी ठेवून वाचावे. तक्त्याने जे गाळले तेच तेथे बोलू लागते. म्हणून तक्ता खोटा ठरतो काय? नाही. दरबारी बखर आणि घरातील पत्र यांच्यात जे नाते असते, ते येथेही आहे, इतकेच.

राज्यसंस्थाही या वस्तूंची किंमत करीत होती, हे विसरता कामा नये. १९४७ अखेरपर्यंत ऑर्डरीच्या धारकाला दरमहा ठरावीक रुबल मिळत: लाल ताऱ्याला पंधरा, शौर्याच्या पदकाला दहा. पुढे ही रक्कम बंद झाली. उलट टोकाला ‘विजय’ ही सर्वोच्च ऑर्डर. हिरेजडित आणि अतिदुर्मीळ. १९७८ साली ती ब्रेझनेव्ह यांना दिली गेली आणि १९८९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, तो निर्णय रद्द झाला. सर्वांत महाग वस्तूमागचा वृत्तान्तच नियमात बसत नव्हता. जर्मनीवरील विजयाचे साधे पितळी पदक मात्र सुमारे दीड कोटी लोकांना मिळाले. ते बाजारात किरकोळ भावाने विकले जाते. त्यातल्या कित्येकांमागे विजय या शब्दावर अधिक हक्क सांगणारी माणसे होती.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. स्टालिनग्राडची लढाई महाराष्ट्रातील कामगारवस्त्यांत पोहोचली ती अण्णा भाऊ साठे यांच्या पोवाड्यातून. त्या शहराच्या संरक्षणासाठीचे पदक २२ डिसेंबर १९४२ रोजी, म्हणजे लढाई चालू असतानाच, स्थापन झाले आणि पुढे साडेसात लाखांहून अधिक लोकांना दिले गेले. पोवाडा आणि पदक ही एकाच घटनेची दोन स्मारके. इराणमार्गे सोव्हिएत संघाला रसद पोहोचविणाऱ्या भारतीय सैन्यसेवा दलातील सुभेदार नारायणराव निकम आणि हवालदार गजेंद्रसिंह चंद यांना १९४४ साली लाल ताऱ्याची ऑर्डर मिळाली होती, हेही आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

तलवारींच्या बाबतीत प्रश्न जुना आहे आणि आपल्या अंगणातला आहे. लष्करी किरचीची पारख पाते, मूठ, परज आणि म्यान यांच्या क्रमाने होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या किरची बनविणाऱ्या विल्किन्सन या लंडनच्या पेढीने १८५४ पासून आपल्या उत्तम पात्यांच्या पाठीवर क्रमांक घालायला सुरुवात केली आणि त्यांची नोंदवही ठेवली. क्रमांकावरून पाते कधी तपासले गेले आणि पुष्कळदा ते कोणी घेतले, हे कळते. सोव्हिएत ऑर्डरीच्या आकड्याचेच हे भावंड. जपानी तलवारीत हीच जागा मुठीत दडलेल्या पात्याच्या शेपटाकडे असते. तेथे कारागिराची सही असते आणि तेथला गंज कधीही घासायचा नसतो, कारण त्या गंजाचा रंगच वयाचा पुरावा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यात, परंपरागत पद्धती सोडून बनलेल्या पात्यांवर छोटे शिक्के मारलेले आढळतात. हाताने घडविलेल्या पात्यांपासून ती वेगळी ओळखावी लागतात. जुन्या थोर कारागिराच्या नावाची खोटी सही घालणे ही तेथील शतकांची खोड आहे. कधी कधी चांगल्या पात्यावरची अशी खोटी सही खरवडून टाकतात, म्हणजे ते निनावी पण निर्दोष ठरते. प्रक्षेप काढून संहिता शुद्ध करण्याचाच हा प्रकार. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही हे घडले, मात्र तेथे गाळलेला मजकूर तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवला गेला. लोखंडाला परिशिष्ट नसते. एकदा खरवडले की गेले.

आपल्या फिरंगी तलवारीची कथा तर पाठभेदांची खाणच आहे. सरळ युरोपीय पाते आणि त्यावर येथील मूठ, असा हा संकर. जर्मनीतील झोलिंगेनचे कारागीर पासाऊच्या लांडग्याचे चिन्ह आणि तोलेदोच्या कारागिरांची नावे आपल्या पात्यांवर बिनदिक्कत घालत. जिनोवाचे नाव आणि दातेरी अर्धचंद्रांची जोडी इकडच्या कारागिरांनीही उचलली. तेव्हा पात्यावर जिनोवा लिहिले आहे म्हणून ते जिनोवाचे, असे मानणारा संग्राहक आणि अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ आले म्हणून तो तुकारामांचा असे मानणारा वाचक, दोघेही एकाच जागी घसरतात.

अलीकडच्या दोन घटना येथे आठवतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची मूठ, सरळ एकधारी युरोपीय पाते आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी लेख. त्या लेखात रघुजींचे नाव आहे, सेनासाहेबसुभा हा किताब आहे आणि वस्तूचे स्वतःचे नावही आहे: फिरंग. तलवार आपण कोण, कोणाची आणि कोठल्या कुळातली हे स्वतःच सांगते. ही खरेदी आम्हाला रास्त वाटते, आणि त्याचे कारण तो लेख आहे. त्याआधी वर्षभर, म्हणजे २०२४ च्या जुलैत, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यात प्रदर्शित झाली. त्यांच्याबरोबरच्या डबीवर इंग्रजी मजकूर आहे. त्यानुसार ती शिवाजी महाराजांची असून त्यांनी ‘मोगल’ सेनापतीला तिने मारले आणि ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला भेट मिळाली. अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. डबीवरचा लेख घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, ऐकीव माहितीवर लिहिला गेला, हे त्या एका शब्दावरून उघड होते. ही तीच वाघनखे आहेत हे सिद्ध करता येत नाही, असे संग्रहालय स्वतःच सांगते. येथे अपमान कोणाचाच होत नाही. वस्तूवरचा लेख आणि डबीवरचा लेख यांत काय अंतर असते, एवढेच शिकायला मिळते. श्रद्धा आपल्या जागी राहू शकते. पुराव्याची भाषा मात्र तिने बोलू नये.

बाजाराची बाजूही ऐकली पाहिजे. संग्राहक नसते, तर पुष्कळ वस्तू वितळून गेल्या असत्या, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. १९७९-८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला, तेव्हा पहिल्या महायुद्धाची ब्रिटिश चांदीची पदके जगभर मुशीत गेली. १९९१ नंतर मॉस्कोच्या रस्त्यांवर पोटासाठी पदके विकली गेली. ती कोणी घेतलीच नसती तर अधिक बरे झाले असते, असे छातीठोकपणे म्हणणे अवघड आहे. रशियन दंडसंहितेने सोव्हिएत राज्यसन्मानांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली, तरी बाहेरचा बाजार चालूच राहिला. पण जपणूक झाली ती धातूची. पुस्तिका एका गिऱ्हाइकाला, ऑर्डर दुसऱ्याला, छायाचित्र तिसऱ्याला असे एकाच माणसाचे तुकडे करून विकले की प्रत्येक तुकड्याला भाव येतो आणि माणूस हरवतो. चमक यावी म्हणून घासलेले पदक, नवी पालिश दिलेले पाते, जुळवून बसवलेले म्यान हे सारे त्याच वाटेने जाते. गमतीची गोष्ट अशी, की जाणकारांच्या बाजारातही कागद आणि नाव जोडलेली ऑर्डर सुट्या ऑर्डरीपेक्षा कितीतरी पट अधिक भावाने जाते. म्हणजे आमचा आक्षेप बाजारालाही आतून ठाऊक आहे. घाई असते तेव्हा तो विसरला जातो.

हे सारे सांगण्याचे निकडीचे कारण आपल्या गावांत आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून दोन्ही महायुद्धांत हजारो लोक सैन्यात गेले. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटनने आपल्या सैनिकांना निनावी दिली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ही नावे आजही ट्रंकांत, देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात, कधी मुलांच्या खेळण्यांत पडून आहेत. ती विकायला निघाली की सराफ तोलून भाव सांगतो. पदकाच्या कडेवर ठोकलेल्या नावाला त्या तराजूत वजन नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, तेव्हा जुन्या तलवारीच्या बाबतीत तर नोंदणीचाही विचार करावा लागतो. पण कायद्याच्या आधी वाचन यावे, असे आम्हाला वाटते.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापक मित्रांना आमची सूचना साधी आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासपत्रिकेत एखाद्या वर्षी हस्तलिखिताच्या जोडीला गावातील एक पदक किंवा एक तलवार घ्यावी. तिच्या सर्व बाजूंची छायाचित्रे काढावीत, काहीही घासू नये, एका माणसाच्या वस्तू एकत्र ठेवाव्यात. वस्तूवर काय लिहिले आहे, कागदावर काय लिहिले आहे आणि घरातले लोक काय सांगतात, हे तीन वेगळ्या रकान्यांत नोंदवावे आणि एका रकान्यातील मजकूर दुसऱ्यात जाऊ देऊ नये. आजी सांगते ती हकीकत कडेवरच्या पलटणीशी जुळली नाही, तर आजीला खोटे पाडण्याची घाई करू नये. न जुळणे हीच पुष्कळदा अभ्यासाची सुरुवात असते. इतके झाल्यावर कुटुंबाने वस्तू विकायची की ठेवायची, हा त्यांचा प्रश्न. अडचणीतल्या माणसाला ‘विकू नका’ म्हणून उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र ती नावासकट विकली जावी आणि नावाची एक प्रत गावातच राहावी, इतकी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?